पाचोऱ्याच्या विहिरी : परवाना, मोजमाप आणि गावाचा करार

पाचोरा तालुक्यातील शेतीला तीन प्रकारचे पाणी मिळते. गिरणा धरणातून जामदा बंधाऱ्याच्या कालव्यांनी येणारे पाणी लाभक्षेत्रापुरते मर्यादित आहे, हिवरा, बहुळा आणि अग्नावती या मध्यम प्रकल्पांचे पाणी ते भरतील त्या वर्षापुरते आहे, आणि उरलेल्या सर्व शिवाराचा, म्हणजे रब्बीच्या गहू-हरभऱ्याचा, लिंबू-मोसंबीच्या बागांचा, केळीचा आणि मे महिन्यात ठिबकवर लावल्या जाणाऱ्या पूर्वहंगामी कपाशीचा, आधार भूजल हाच आहे. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत पडणारा, असा हा निम-कोरडा प्रदेश असून २०१८च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने ज्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत पाचोऱ्याचाही समावेश होता. अशा प्रदेशात नवी विहीर खोदण्याचा किंवा बोअर घेण्याचा निर्णय हा एका शेतकऱ्याचा खासगी निर्णय राहत नाही, कारण त्याचा परिणाम शेजारच्या चार विहिरींवर आणि गावाच्या नळयोजनेवर होतो. म्हणूनच हा निर्णय घेण्यापूर्वी खडक, कायदा आणि हिशोब या तिन्हींची माहिती असणे आवश्यक ठरते.

खडकाची मर्यादा

भूजल साठवून ठेवणाऱ्या आणि विहिरीला देणाऱ्या भूस्तराला जलधर म्हणतात. जळगाव जिल्ह्यात जलधरांचे दोन अगदी वेगळे प्रकार आढळतात. तापीच्या उत्तरेस रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात नदीने आणून टाकलेल्या वाळू, रेती व मातीचे जाड थर आहेत, तेथे ट्यूबवेल खोल जातात आणि पाणी खोलवर मिळत राहते. या सोयीमुळेच रावेर व यावल तालुक्यांतील केळीच्या पट्ट्यात उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आणि भूजल मूल्यांकनात हे तालुके अतिशोषित ठरत आले. पाचोऱ्याची जमीन मात्र, गिरणेकाठचा गाळाचा पट्टा वगळता, सातमाळा-अजिंठ्याच्या उतारापासून पसरलेल्या बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला असून प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि खालचा भाग घट्ट असतो, तर दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल गेरूचा पातळ पट्टा लागतो. पाणी मुरते आणि साठते ते प्रामुख्याने वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांमध्ये, आणि हा उपयोगी भाग बहुतेक ठिकाणी जमिनीपासून दहा ते वीस मीटरांतच संपतो.

या खडकाची साठवण किती, हे साध्या गणिताने पाहता येते. सातशे मिलिमीटर पावसापैकी दहा टक्के पाणी जमिनीत मुरते असे धरले, तर ते सत्तर मिलिमीटर होते, म्हणजे हेक्टरी ७०० घनमीटर अथवा सात लाख लिटर. मुरलेल्या पाण्यासाठी बेसाल्टमध्ये जी मोकळी जागा असते ती त्याच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास भरते, त्यामुळे हे सत्तर मिलिमीटर पाणी विहिरीची पातळी सुमारे साडेतीन मीटरने वर आणते. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेली विहीर पाहून पाणी मुबलक असल्याचा जो समज होतो तो येथेच फसतो, कारण पातळी भराभर वर येणे हे साठा मोठा असल्याचे नव्हे तर साठवण लहान असल्याचे लक्षण आहे, आणि ज्या वेगाने पातळी चढते त्याच वेगाने ती जानेवारीनंतर उतरते.

बोअर अधिक खोल नेल्याने हा साठा वाढत नाही. साठ-सत्तर मीटरांवर एखाद्या सांध्यातून लागलेले पाणी प्रथम जोरात येते, परंतु त्या सांध्याला भरून काढणारा पुरवठा फार मंद असतो. शिवाय केसिंग पाईप वरच्या काही मीटरांपुरताच घातलेला असल्यास वरच्या मुरमातील पाणी बोअरच्या भोकातून खालच्या भेगांमध्ये उतरते आणि शेजारच्या उथळ विहिरी आटतात. विहिरीच्या तळातून सभोवार मारल्या जाणाऱ्या आडव्या बोअरचाही परिणाम शेजाऱ्याचे पाणी आपल्याकडे वळवण्यापुरताच असतो. पाणाड्याने दाखवलेल्या जागेवर एका मागून एक तीन-चार कोरडे बोअर घेऊन कर्जात गेलेल्या कुटुंबांची उदाहरणे खानदेशात कोणत्याही गावात सापडतात, त्यामुळे याबाबतीत अधिक लिहिण्याची गरज नाही.

कायद्याची चौकट

१८८२च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमाच्या काळापासून भूजल हे जमिनीच्या मालकीशी जोडलेले मानले गेले, म्हणजे ज्याची जमीन त्याला तिच्याखालील पाणी उपसण्याची मोकळीक मिळाली. जमिनीच्या सीमा बांधाने ठरतात आणि पाण्याचा प्रवाह खडकाच्या उताराने ठरतो, ही विसंगती बैलाच्या मोटेने पाणी काढण्याच्या काळात जाणवत नव्हती, कारण मोटेचा उपसाच मर्यादित होता. विजेचा पंप आल्यानंतर ती उघडी पडली. महाराष्ट्राने १९९३मध्ये पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या रक्षणासाठी भूजल विनियमनाचा पहिला कायदा केला आणि सार्वजनिक पेयजल स्रोताच्या ५०० मीटर परिसरात नवी विहीर खोदण्यावर बंधन घातले. त्याची जागा पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या व्यापक कायद्याने घेतली. हा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१३मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि १ जून २०१४पासून अमलात आला.

या कायद्याने २००५च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला राज्य भूजल प्राधिकरणाचे काम दिले आहे. ज्या पाणलोटात उपसा धोक्याच्या पातळीला पोहोचला असेल ते क्षेत्र अधिसूचित करण्याचा अधिकार त्यात आहे. पाणलोट म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी एकाच ओढ्या-नाल्यातून बाहेर पडते तो भूभाग, आणि कायद्याने तालुका वा गाव हा घटक न धरता पाणलोट धरला ही त्यातील सर्वांत शहाणपणाची बाब होय. ६० मीटरांपेक्षा अधिक खोल विहिरीस वा बोअरला कायदा खोल विहीर म्हणतो. अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी अशी विहीर घेण्यास मनाई करण्याची आणि पूर्वीपासून असलेल्या खोल विहिरींवर उपकर बसवण्याची तरतूद त्यात आहे. राज्यातील विहिरींची मालकांनी नोंदणी करावी, बोअर घेणाऱ्या यंत्रांच्या मालकांनीही नोंदणी करावी, अधिसूचित क्षेत्रात पीक आराखडा तयार व्हावा आणि जास्त पाणी घेणारी पिके परवानगीविना घेऊ नयेत, पाणलोट जलसंपत्ती समितीत स्थानिकांना स्थान असावे, असे या कायद्याचे स्वरूप आहे.

कायदा कागदावर जेवढा पूर्ण आहे तेवढा तो शिवारात उतरलेला नाही, हे मान्य करावे लागते. त्याखालील नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध व्हायलाच २०१८ साल उजाडले, आणि त्या मसुद्यावर शेतकरी संघटना व पाणीक्षेत्रातील अभ्यासकांनी पुष्कळ आक्षेप घेतले. त्यातील मुख्य आक्षेप असा होता की, लाखो विहिरींची नोंदणी व उपशाची देखरेख करण्याइतके मनुष्यबळ कोणत्याच यंत्रणेकडे नाही. हा आक्षेप खरा असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष कायदा निरुपयोगी आहे असा नसून, परवान्याचा उपयोग विहिरींची संख्या, खोली आणि अंतर एवढ्यापुरताच होईल आणि उपसा आवरण्याचे काम गावाला करावे लागेल, असा आहे.

विहीर घेण्यापूर्वी

नवी विहीर किंवा बोअर घेऊ इच्छिणाऱ्याने पहिली चौकशी अंतराची करावी. गावाच्या नळयोजनेची विहीर, हातपंप किंवा अन्य सार्वजनिक पेयजल स्रोत प्रस्तावित जागेपासून ५०० मीटरांच्या आत असल्यास जागा बदलण्याचा विचार आधीच करावा, कारण खर्च झाल्यानंतर आलेली नोटीस दुहेरी नुकसान करते. दुसरी चौकशी आपले शिवार कोणत्या पाणलोटात येते आणि त्या पाणलोटाची वर्गवारी काय आहे याची असावी. उपशाचे प्रमाण वार्षिक उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत असल्यास क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० टक्के असल्यास अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असल्यास शोषित आणि त्यापुढे गेल्यास अतिशोषित समजले जाते. ही माहिती जळगाव येथील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयात मिळते. राज्यभर सुमारे दीड हजार पाणलोटांचे मूल्यांकन हीच यंत्रणा केंद्रीय भूजल मंडळासह करते आणि निरीक्षण विहिरींच्या पातळ्याही हीच नोंदवते. तालुक्याची सरासरी सुरक्षित असली तरी एखाद्या नाल्याचे खोरे शोषित असू शकते, म्हणून तालुक्याच्या आकड्यावर समाधान मानू नये.

शासकीय अनुदानातून विहीर घ्यायची असल्यास अटी अधिक स्पष्ट आहेत. रोजगार हमी योजनेतील सिंचन विहिरींसंबंधी नोव्हेंबर २०२२मध्ये निघालेल्या सूचनांनुसार लाभधारकाकडे किमान ०.४० हेक्टर सलग क्षेत्र असावे लागते, पेयजल स्रोतापासून ५०० मीटर अंतर राखावे लागते, आणि दोन सिंचन विहिरींमध्ये १५० मीटर अंतराची अट आहे, जी अनुसूचित जाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे अशा काही लाभधारकांसाठी शिथिल केली आहे. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही शिथिलता योग्यच आहे. मात्र पाण्याच्या दृष्टीने १५० मीटरांची अट हा किमान व्यवहार असून, एकाच नाल्याच्या काठावर अनुदानाच्या विहिरींची रांग उभी राहिल्यास प्रत्येकीचे पाणी घटते, हे ग्रामसभेने लाभधारकांची यादी करतानाच पाहावे. विहिरीला पाणी लागल्यानंतर तिची नोंद सातबारा उताऱ्यावर करून घ्यावी आणि ई-पीक पाहणीत सिंचनाचे साधन बिनचूक भरावे. वीजजोडणी, पीककर्ज आणि टंचाईकाळात तहसील कार्यालयाकडून होणारे विहिरीचे अधिग्रहण या तिन्ही प्रसंगी ही नोंद कामी येते. सामाईक विहिरीच्या बाबतीत हिश्शांचा आणि पाळीचा उल्लेख लेखी असल्याखेरीज पंप बसवू नये, कारण पाचोऱ्याच्या न्यायालयात असो वा अन्यत्र, भावाभावांतील पाण्याच्या वादांत सर्वांत जास्त अडचण तोंडी ठरलेल्या पाळीमुळेच होते.

बोअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये लहान मुलांच्या दुर्घटना टाळण्यासाठी घालून दिलेले निर्देशही पाळणे बंधनकारक आहे. त्यांनुसार बोअर घेण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, नोंदणीकृत यंत्रधारकाकडूनच काम करून घ्यावे, काम चालू असताना कुंपण व सूचनाफलक लावावा आणि काम संपल्यावर केसिंगभोवती सिमेंटचा ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा ओटा बांधून तोंडावर लोखंडी झाकण घट्ट बसवावे. कोरडा गेलेला बोअर माती, दगड-गोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकणे ही मालकाचीच जबाबदारी आहे, आणि यंत्र लावतानाच ही अट ठेकेदाराशी लेखी ठरवलेली बरी.

शेतीखेरीज अन्य वापरासाठी मार्ग वेगळा आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९९७मध्ये स्थापन झालेले केंद्रीय भूजल प्राधिकरण उद्योग, खाणकाम व मोठ्या बांधकामांसाठी ना-हरकत प्रमाणपत्र देते. सप्टेंबर २०२०च्या त्याच्या मार्गदर्शक सूचनांत शेती, घरगुती वापर, ग्रामीण पेयजल योजना आणि दिवसाला १० घनमीटरांपेक्षा कमी पाणी घेणारे सूक्ष्म व लघुउद्योग यांना सूट आहे. जिनिंग, दूधशीतकरण, जारचे पाणी विकणारे कारखाने अशा व्यवसायांनी ही मर्यादा आपल्याला लागू होते की नाही ते पंपाच्या ताकदीवरून नव्हे, मीटरच्या वाचनावरून ठरवावे. त्यापुढील वापरकर्त्यास उपशाचे शुल्क, अंकीय प्रवाहमापक आणि निरीक्षण विहीर या अटी पाळाव्या लागतात, आणि प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असल्याने नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवावी लागते. जारच्या पाण्याचा धंदा गावोगाव वाढला असताना आणि शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी गटारात जात असताना, त्याच्याकडे होणारे दुर्लक्ष मात्र अनाकलनीय आहे.

स्वतःच्या विहिरीचे मोजमाप

परवाना मिळाला तरी विहीर किती पाणी देऊ शकते हे परवान्यावर लिहिलेले नसते, ते मोजावेच लागते, आणि त्यासाठी मोजपट्टी, वजन बांधलेली दोरी आणि घड्याळ एवढे पुरते. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर होय. पंपाने पाणी दोन-तीन मीटर खाली उतरवून पंप बंद करावा आणि एका तासात पातळी किती वर आली ते पाहावे. ती ४० सेंटिमीटर वर आली असेल तर झऱ्यांची आवक तासाला सुमारे ११ हजार लिटर आहे असे समजते. पंपाचा प्रवाह २०० लिटरच्या ड्रमने मोजता येतो, ड्रम ३६ सेकंदांत भरला तर पंप तासाला २० हजार लिटर पाणी उपसतो. अशा विहिरीवर मोठा पंप बसवणे म्हणजे जेवढे येते त्याच्या दुप्पट वेगाने काढणे होय, आणि त्याने पाणी वाढत नाही, केवळ विहीर लवकर रिकामी होते व पंप वारंवार बंद-चालू करावा लागतो.

ही चाचणी वर्षातून दोनदा, ऑक्टोबरअखेर आणि मार्चअखेर, घ्यावी. त्याखेरीज दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, पंप रात्रभर बंद असताना पहाटे, जमिनीच्या पातळीपासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहावे. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदीतून पाऊस किती झाला की विहीर कोठवर भरते आणि कोणत्या महिन्यात तुटते याचे जे ज्ञान मिळते ते कोणत्याही सरकारी नकाशात नसते. पाणी खारट किंवा मचूळ होऊ लागल्यास, विशेषतः खतांचा मारा असलेल्या बागायतीत, त्याची तपासणीही करून घ्यावी, कारण उपसा वाढून साठा आटला की उरलेल्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण चढते आणि तेच पाणी पुष्कळदा पिण्यासाठी वापरले जाते.

गावाचा हिशोब

येथवरच्या गोष्टी एकट्याने करता येतात. परंतु एका शेतकऱ्याने पंपाचे तास कमी केल्यास त्याचे वाचलेले पाणी शेजारी उपसतो, ही एकट्याच्या संयमाची मर्यादा आहे. राज्य शासनाने २०२४मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ३ ते ७.५ अश्वशक्तीचे सौरपंप देऊ केले. दिवसा पाणी देता येणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय झाली, पण त्यामुळे उपशावर वीजबिलाचा आणि भारनियमनाचा जो थोडाफार लगाम होता तोही उरला नाही. यापुढे उपसा आवरणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे गावाने आपसांत केलेला करार.

या कराराचा पाया पाण्याचा ताळेबंद, ज्याला अटल भूजल योजनेत जलअंदाजपत्रक म्हणतात, हा होय. डिसेंबर २०१९मध्ये सात राज्यांत सुरू झालेल्या या योजनेत महाराष्ट्रातील १३ जिल्हे होते आणि त्यांत जळगावही होता. त्यामुळे जिल्ह्यातच या पद्धतीने काम केलेली गावे पाहता येतात आणि योजनेत नसलेल्या गावालाही तीच रीत अवलंबता येते. ती समजण्यासाठी एक कल्पित हिशोब उपयोगी पडेल. ६०० हेक्टर शिवाराच्या गावात हेक्टरी ७०० घनमीटर पुनर्भरण धरल्यास वर्षाचे भूजल ४ लाख २० हजार घनमीटर होते. दोन हजार लोकसंख्येला माणशी रोज ५५ लिटर आणि आठशे जनावरांना प्रत्येकी ५० लिटर धरल्यास वर्षाला सुमारे ५५ हजार घनमीटर पाणी पिण्यासाठी बाजूला काढावे लागते, आणि नाल्यावाटे सहज वाहून जाणारे दहा टक्के, म्हणजे ४२ हजार घनमीटर, सोडून द्यावे लागते. उरलेल्या सुमारे ३ लाख २३ हजारांतून १०० हेक्टर पूर्वहंगामी कपाशीला मे-जूनमध्ये महिनाभर रोज दोन मिलिमीटर ठिबकने दिल्यास ६० हजार, आणि २० हेक्टर लिंबू-मोसंबीला हेक्टरी पाच हजारांप्रमाणे एक लाख घनमीटर जातात. रब्बीसाठी १ लाख ६३ हजार उरतात. गव्हाला सहा पाळ्यांत हेक्टरी ४,२०० घनमीटर लागतात, त्यामुळे एवढ्या पाण्यात जेमतेम ३९ हेक्टर गहू निघतो. हरभऱ्याला दोन पाळ्यांत १,४०० घनमीटर पुरतात, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात ११६ हेक्टर हरभरा निघतो. दादर ज्वारी तर काळ्या जमिनीच्या ओलीवर पाळीविनाही येते.

या हिशोबात केळी मुद्दाम धरलेली नाही. ठिबकवरसुद्धा, पावसाळा वजा जाता, केळीच्या एका हेक्टरला दहा-बारा हजार घनमीटर पाणी धरल्यास त्या एका हेक्टरसाठी सुमारे चौदा ते सतरा हेक्टर जमिनीवरचे पुनर्भरण खर्ची पडते, म्हणजे मृगबाग असो वा कांदेबाग, एकाच्या केळीसाठी इतर अनेकांची रब्बी जाते. गिरणेकाठी किंवा कालव्याच्या लाभक्षेत्रात, जेथे आवर्तनाचे पाणी झिरपून विहिरी पुन्हा भरतात, तेथे हा हिशोब वेगळा होईल. नाल्याच्या वरच्या अंगाच्या, केवळ पावसावर भरणाऱ्या शिवारात मात्र नवी केळी लावू नये, असेच या आकड्यांवरून म्हणावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली नेमके हेच केले. तेथे शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारखी पिके लावण्यास ग्रामसभेने बंदी घातली, दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचे क्षेत्र ठरवण्याची पद्धत पाडली, आणि पाऊस कमी पडलेल्या वर्षी क्षेत्र कमी केले.

या विचाराला खानदेशात जुनी परंपराही आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर चालत आलेल्या फड पद्धतीत लाभक्षेत्राचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडले जात, एका फडात एकच पीक घेतले जाई, पाणी वाटण्यासाठी पाटकरी नेमला जाई आणि नदीला पाणी कमी असलेल्या वर्षी भिजवायच्या फडांची संख्याच घटवली जाई. ती व्यवस्था नदीच्या वाहत्या पाण्यासाठी होती, विहिरींसाठी नव्हती, आणि विहिरी स्वतंत्र मालकीच्या असल्याने ती जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही पाणी पाहून क्षेत्र ठरवणे हा तिचा गाभा विहिरींच्या गावालाही घेता येण्यासारखा आहे. अमेरिकेतील ॲरिझोना या वाळवंटी राज्याने १९८०च्या कायद्याने भूजलाच्या संकटात असलेल्या खोऱ्यांत नवी जमीन ओलिताखाली आणण्यावर बंदी घातली आणि मोठ्या पंपांवर मीटर सक्तीचे केले, म्हणजे तेथेही कायद्याला शेवटी क्षेत्र आणि मोजमाप या दोनच गोष्टींवर यावे लागले.

ग्रामसभेचा ठराव करताना तो शक्यतो तीनच गोष्टींपुरता ठेवावा, कारण लांबलचक ठराव पाळले जात नाहीत. ऑक्टोबरअखेरच्या पातळीवरून रब्बीतील गव्हाचे कमाल क्षेत्र ठरवावे, पेयजलाच्या विहिरीभोवतीच्या शेतकऱ्यांनी फेब्रुवारीनंतर उपसा कमी करावा व त्या बदल्यात त्यांना पुनर्भरणाच्या कामांत अग्रक्रम द्यावा, आणि शेतीसाठी ६० मीटरांपेक्षा खोल बोअर कोणीही घेऊ नये, एवढे पुरेसे आहे. पूर्वहंगामी कपाशीबाबत मतभेद होतील, कारण लवकर लावलेल्या कपाशीचा उतारा चांगला येतो आणि मेमध्ये ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो थांबण्यास तयार होत नाही. तरीही वर्षभराच्या पुनर्भरणापैकी सुमारे सातवा वाटा एका महिन्यात एका पिकाला जातो, तोही गावात टँकरची मागणी चालू असताना, ही वस्तुस्थिती सभेसमोर आकड्यांत ठेवली पाहिजे.

पुनर्भरणाबद्दल थोडेसे

पुनर्भरणाची कामे आवश्यक आहेत, पण ती उपशाच्या नियमनाला पर्याय नाहीत. शेताच्या उतारावरून वाहणारे पाणी दगड, खडी व वाळूच्या गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. मात्र गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडू नये, गाळाने भेगा कायमच्या बुजतात. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून साखळी बंधारे बांधले आणि त्या कामाला मोठे यश आले, परंतु तेथे तापीच्या गाळाच्या प्रदेशात वरची चिकण पिवळी माती भेदून खालच्या वाळूपर्यंत पाणी पोहोचवण्याचा हेतू होता. पाचोऱ्याच्या पाषाणात तीच खोली गाठल्यास काही ठिकाणी मुरमातील साठा नाल्यात उघडा पडून लवकर वाहून जाण्याचा धोका असतो. म्हणून जेसीबी लावण्यापूर्वी भूवैज्ञानिकाने खडकाचा छेद पाहणे आवश्यक आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्यात चैत्राम पवार यांनी जंगल राखून पाणी अडवले, तो मार्ग सातमाळ्याच्या पायथ्याच्या गावांना अधिक जवळचा आहे.

पावसाळा संपल्यावर होणाऱ्या पहिल्याच ग्रामसभेत प्रत्येक विहीरमालकाने आपल्या विहिरीची ऑक्टोबरअखेरची पातळी, खोली, व्यास आणि पंपाची अश्वशक्ती लेखी सादर करावी आणि ग्रामसेवकाने त्याची एक प्रत जळगावच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाला पाठवावी. यासाठी कोणत्याही नव्या परवान्याची, निधीची किंवा शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.